परीक्षा सगळ्यांची ढकलू नका, आजारी मुलाला दुसरी तारीख द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा पुढे ढकलावी की नाही, यावर आपल्या वाचकांच्या पत्रांत बरीच चर्चा झाली. मुलांना अभ्यासाला वेळ कमी पडतो, महिनाभर तरी द्या, असं काहींचं म्हणणं आहे. काहींच्या मते तारीख ठरली ती ठरली, रडारड कशाला. मी दोन्ही बाजूंची पत्रं कापून ठेवली आहेत. दोन्हींत मला माझ्या घरातलं आणि दुकानातलं काही सापडलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सोलापुरात अशोक चौकाजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. आठ बाय दहाचा गाळा. पंधरा वर्षं झाली. आधी नुसतं झेरॉक्स आणि लॅमिनेशन होतं, मग संगणक आला, आणि आता माझं निम्मं वर्ष मुलांचे फॉर्म भरण्यातच जातं. नीट, सीईटी, त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, वय-अधिवास. भवानी पेठ, साखर पेठ, विडी घरकुल, नीलम नगर इथली मुलं येतात. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडूनही येतात. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळणारी, कुणाचं टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम. फॉर्म भरताना ही मुलं स्क्रीनकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघतात. स्पेलिंग चुकलं तर काय होईल ही धास्ती. त्यामुळे तारीख पुढे गेली की घराघरांत काय होतं, ते मला काउंटरच्या या बाजूने दिसतं.

२०२० चं सांगते. त्या वर्षी नीट ३ मे ला होती. कोरोनामुळे ती २६ जुलैवर गेली, तिथून १३ सप्टेंबरवर. ऑगस्टमध्ये आणखी पुढे न्यावी म्हणून मुलं सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १७ ऑगस्टला न्यायालयाने ती याचिका फेटाळली. तेव्हा अनेकांनी न्यायालयाला नावं ठेवली. मला मात्र विडी घरकुलचा एक मुलगा आठवतो. एप्रिलमध्ये तो तयार होता. बायोची पुस्तकं पाठ, जुने पेपर सोडवून झालेले. टाळेबंदीत आईचं विड्यांचं काम थांबलं, वडिलांचा माग बंद. मे गेला, जून गेला. जुलैत शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली. या पोराने भाजीची गाडी धरली. त्या वर्षी केंद्राचं शहर बदलायची मुभा पुन्हा पुन्हा दिली जात होती, त्यासाठी तो अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून आत यायचा. सप्टेंबरच्या आधी हॉल तिकीट काढायला आला, तेव्हा त्याच्या बोटांना कोथिंबिरीचा वास येत होता आणि नखांत माती होती. कागद हातात घेऊन त्याने एकच विचारलं, "ताई, ह्याच्यावरची तारीख आता बदलणार नाही ना?"

त्याने परीक्षा दिली. नंबर लागला नाही. ३ मे ला झाली असती तर लागला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रोग पसरत असताना मे महिन्यात परीक्षा घेताच आली नसती, हेही मला कळतं. पण पुढे ढकलणं म्हणजे मुलाला फुकट मिळालेला वेळ, असं जे पत्रांत लिहिलं जातं, ते सगळ्या घरांत खरं नसतं. ज्याच्या घरी खोली आहे, पंखा आहे आणि क्लासची फी भरायची ऐपत आहे, त्याला तो वेळ मिळतो. बाकीच्यांच्या अंगावर तो येतो. लातूरला क्लासला ठेवलेल्या मुलाचा महिना म्हणजे खोलीचं भाडं, मेसचे पैसे आणि घरी एक कमावता हात कमी. आणि वेळ सगळ्यांनाच सारखा दिला, तर रांगेतला नंबर तोच राहतो की. बावीस लाखांवर मुलं बसतात. महिना त्या सगळ्यांनाच मिळणार.

शिवाय एक तारीख सरकली की मागचं सगळं सरकतं. २०२० ला प्रवेश घेतलेल्या मुलांचं एमबीबीएसचं पहिलं वर्ष १ फेब्रुवारी २०२१ ला सुरू झालं. पुढची नीट १ ऑगस्टवरून १२ सप्टेंबर २०२१ वर गेली, त्या मुलांचे वर्गही पुढच्या फेब्रुवारीत भरले. मग त्यांची इंटर्नशिप उशिरा, आणि इंटर्नशिप कधी संपते त्यावर पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसच्या पुढच्या शिक्षणाच्या, परीक्षेला बसता येणार की नाही हे ठरतं. सिव्हिलला रात्री तुमच्या आईला तपासायला जो इंटर्न येतो, तो वेळेवर येण्याशी या तारखांचा थेट संबंध आहे.

आणि ढकलायचीच असेल तर कधी सांगायचं? २०२४ ची नीट पीजी २३ जूनला, रविवारी होती. आदल्या रात्री, शनिवारी २२ ला, दहाच्या सुमारास बातमी आली की परीक्षा लांबणीवर. आमच्या गल्लीतला एक डॉक्टर मुलगा त्या वेळी पुण्याला स्वारगेटजवळच्या लॉजवर उशाशी हॉल तिकीट ठेवून झोपायच्या तयारीत होता. वडिलांनी इथून फोन केला. त्याला वाटलं कुणीतरी अफवा उठवली. पेपरफुटीच्या संशयाचे दिवस होते, तीन दिवसांपूर्वीच प्राध्यापकांच्या पात्रतेची नेट परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द केली होती, त्यामुळे सरकारने सावध राहणं मी समजू शकते. पण त्या मुलाने मला नंतर सांगितलं की त्या रात्रीनंतर पंधरा दिवस त्याला पुस्तक उघडवत नव्हतं. परीक्षा मग ११ ऑगस्टला झाली. माणूस पहाटे उठून निघायच्या तयारीत असताना त्याला घरी जा म्हणायचं, याला निर्णय म्हणत नाहीत.

एवढं वाचून कुणाला वाटेल, ही बाई परीक्षा पुढे ढकलण्याच्या विरोधात आहे. सगळ्यांसाठी ढकलण्याच्या विरोधात आहेच. पण माझ्या घरात जे झालं ते आता सांगते.

माझी मुलगी ४ मे २०२५ च्या नीटला बसणार होती. मॉक टेस्टमध्ये तिला ७२० पैकी ५३० ते ५५० पडायचे. मुलगी अबोल आहे, अभ्यासाचं कधी सांगावं लागलं नाही. पहाटे चारला उठायची. यांची रात्रपाळी असते, त्यामुळे घरात त्या वेळी ती, मी आणि पिठलं-भाकरीचा डबा एवढेच जागे. २२ एप्रिलला तिला ताप भरला. आधी उन्हाचा वाटला. सोलापूरचं एप्रिलचं ऊन, माणूस तापतोच. तिसऱ्या दिवशी १०३ गेला. रक्त तपासलं, टायफॉईड निघाला. पाणी काही दिवसांआड येतं, आम्ही पिंपात साठवतो, उकळूनही पितो. कुठून लागला देव जाणे. दवाखान्यात दाखल केलं. सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, ताप पाच-सहा दिवसांत उतरेल, पण अशक्तपणा तीन-चार आठवडे राहील, तीन तास सलग बसून पेपर लिहिणं अवघड आहे.

२८ तारखेच्या रात्री दवाखान्यात आम्ही तिघं बसलो होतो. ती उशीला टेकून. हे कामावरून सुट्टी टाकून आलेले. तिने विचारलं, "मम्मी, मी जाऊ का नको?"

संपादक महाराज, हजार मुलांचे फॉर्म भरलेली मी, मला त्याचं उत्तर देता येईना. सगळे नियम मला पाठ आहेत. कितीही वेळा बसा, मर्यादा नाही. वरची वयोमर्यादा २०२२ ला निघाली. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. म्हणजे कागदावर बघितलं तर जाण्यात नुकसान काहीच नाही. पण तिने दोन वर्षं जे जमवलं होतं, ते त्या एका दुपारी तापाने उतरलेल्या अंगाने मांडायचं आणि जो आकडा येईल तो पदरात घ्यायचा. नाही गेली तर थेट पुढचा मे. मध्ये काहीही नाही. हे म्हणाले, "जाऊ दे, वर्ष गेलं तर गेलं, पोरगी आधी." मी म्हणाले, "बसून तर येऊ दे." ती भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या रात्री आमच्या दोघांत जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. नवरा-बायकोने एकमेकांना असं बोलू नये.

मी रात्री दुकान उघडून संगणकावर बसले. वाटलं, कुठेतरी अर्ज असेल. फॉर्ममध्ये नाव चुकलं, फोटो चुकला, प्रवर्ग चुकला, तर सुधारायला ठरावीक दिवस मिळतात. मी शेकडो मुलांचं ते केलं आहे. पण आजारी पडलो, यासाठी त्यात रकाना नाही. मदत क्रमांकावर सकाळी फोन लावला. लागला, बाई चांगलं बोलल्या, म्हणाल्या असं काही करता येत नाही.

शेवटी ती गेली. तिनेच ठरवलं. २ मे ला घरी आणलं, ४ ला परीक्षा. इंजेक्शनचा शेवटचा डोस त्या दिवशी सकाळीच होता, म्हणून सुई हातात तशीच ठेवलेली. केंद्रावर तपासणीत अडचण नको म्हणून डोस झाल्यावर डॉक्टरांनी ती काढली. डावा हात मनगटापर्यंत सुजलेला आणि हिरवा-निळा पडलेला. हॉल तिकिटासोबतच्या कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा लावायचा असतो. मी तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला तेव्हा ती कळवळली. इतक्या मुलांचे अंगठे मी असेच धरून टेकवले आहेत, कुणाचा हात असा हलका लागला नव्हता.

पेपर दोनचा, पण दीडला फाटक बंद. आम्ही साडेअकराला पोचलो. बेचाळीसच्या पुढचं ऊन. फाटकाबाहेर झाडाखाली पालकांची गर्दी, कुणी चादर अंथरलेली, कुणी उपास धरलेला. पाच वाजता मुलं बाहेर आली. माझी जवळजवळ सगळ्यांत शेवटी आली, भिंतीला हात लावत. पायरीवर बसली आणि म्हणाली, "शेवटचे चाळीस प्रश्न मी वाचलेच नाहीत, अक्षरं हलायला लागली." १८० मिनिटं आणि १८० प्रश्न. चाळीस म्हणजे १६० गुण.

१४ जूनला निकाल लागला. ३७१. त्या वर्षी पेपर सगळ्यांनाच अवघड गेला, फिजिक्सने तर भल्याभल्यांना रडवलं, त्यामुळे सगळा दोष तापाला देणार नाही. पण किती तापाचा आणि किती पेपरचा, हे आम्हाला आयुष्यात कधी कळणार नाही. तिला तेच जास्त खुपतं. आता ती घरी बसून पुन्हा तयारी करते आहे. लोक "ड्रॉप घेतला का" विचारतात. तिने घेतला नाही, तिच्यावर पडला.

याच दिवसांत शेजारच्या अक्कांची भाची अमेरिकेतून आली होती. ती तिथे मेडिकलला जाण्याच्या तयारीत आहे. त्यांची परीक्षा एमकॅट. ती जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत बऱ्याच तारखांना होते. तिने आधी एक तारीख घेतली होती, सरावाचे पेपर मनासारखे जाईनात, म्हणून पुढे ढकलावी की नाही यावर तीन आठवडे विचार केला आणि पैसे भरून तारीख बदलून घेतली. परीक्षेच्या दहा दिवस आधीपर्यंत बदलता येते, उशीर कराल तसे पैसे जास्त. वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदाच बसता येतं, म्हणून उगाच कुणी ढकलत नाही. आणि पेपर संपल्यावर संगणक विचारतो, गुण मोजायचे की रद्द करायचे. हे ऐकताना माझी मुलगी दारात उभी होती. तिने काही विचारलं नाही. रात्री जेवताना एकदम म्हणाली, "तिला कुणी विचारलं तरी."

आपल्याकडे इतक्या तारखा होणार नाहीत हे मला माहीत आहे. आमची मुलं कागदावर गोळे काळे करतात, एकाच दिवशी, देशभर हजारो केंद्रांवर. पण दुसरी तारीख देणं अशक्य आहे, हे मी मानत नाही, कारण ती दिली गेलेली आहे. २०२० मध्ये कोरोना झालेल्या किंवा प्रतिबंधित क्षेत्रात अडकलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने १४ ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा झाली, आणि दोन दिवसांत सगळ्यांचा एकत्र निकाल लागला. २०२३ मध्ये मणिपूर पेटलेलं होतं, तिथल्या मुलांची ७ मे ची परीक्षा ६ जूनला घेतली. २०२४ मध्ये वाढीव गुणांच्या घोळात सापडलेल्या १,५६३ मुलांना २३ जूनला पुन्हा बसायची संधी दिली, ८१३ जण बसले. तिन्ही वेळा पेपर वेगळा होता आणि तिन्ही वेळा त्या मुलांचे गुण बाकीच्यांच्या यादीतच धरले. आभाळ कोसळलं नाही.

वेगळा पेपर म्हणजे सोपा-अवघडचा प्रश्न येतोच, तो मी टाळत नाही. ३० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नीट पीजी दोन पाळ्यांत न घेता एकाच पाळीत घ्या म्हणून सांगितलं, ते याच कारणाने. ती परीक्षा मग १५ जूनवरून ३ ऑगस्टवर गेली. पण तिथे धडधाकट मुलांचे दोन गट पाडले जाणार होते आणि कोणता पेपर वाट्याला येणार हे नशिबावर होतं. मी बोलते आहे ती दवाखान्यात पडलेल्या, अपघात झालेल्या, घरात मयत झालेल्या थोड्या मुलांबद्दल. त्यांचा पेपर दोन-चार गुणांनी इकडेतिकडे झाला तरी तो अन्याय सलाईन काढून पेपरला बसण्यापेक्षा मोठा नाही.

खोटे दाखले येतील, हेही खरं. माझ्याकडेच लोक येऊन विचारतात, अमक्या डॉक्टरचं लेटरहेड स्कॅन करून देता का. मी हाकलते, दुसरा कुणी देत असेल. म्हणून खाजगी दाखला चालवूच नका. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जसं सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावं लागतं, तसं करा. सोलापूरला सिव्हिल आहे, त्याला जोडून १९६३ पासूनचं वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुलाला नाहीतर त्याच्या रिपोर्टला तिथे उभं करा. अर्ज पेपरच्या आधीच घ्या, पेपर बघून कुणी आजारी पडायला नको. पहिली तारीख सोडली की ती कायमची सोडली, दोन्हींना बसता येणार नाही, असं लिहून घ्या. वेगळी फी लावा, आम्ही भरू. साधारण महिन्याभराने ती परीक्षा झाली तरी प्रवेशाच्या फेऱ्या थांबत नाहीत, निकालालाच चाळीस दिवस लागतात.

खरं तर २०१८ च्या जुलैत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी नीट वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि मे मध्ये होईल असं जाहीर केलं होतं. काही आठवड्यांतच ते मागे पडलं. इंजिनिअरिंगच्या जेईई मेनला मात्र २०१९ पासून वर्षात एकाहून जास्त संधी मिळतात, सहसा जानेवारी आणि एप्रिल अशा दोन. माझ्या दुकानात एकाच बाकावर दोन भाऊ फॉर्म भरायला बसतात, एकाला वर्षात दोन दारं आणि एकाला एक. धाकटा विचारतो का, तेव्हा मी सांगू काय?

भैय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांचं स्मारक लागतं. आमच्या सोलापूरचा मुलगा १९३८ ला चीनमध्ये गेला आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ ला तिथेच वारला, वय अवघं बत्तीस. लहानपणी मुलीला मी ते दाखवलं होतं, तेव्हापासून तिचं ठरलेलं आहे. गेल्या वर्षीचे पेपर ती पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवते, त्याच फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डही आहे. काढून टाक म्हटलं तर टाकत नाही.

आपण परीक्षा पुढे ढकला किंवा ढकलू नका या बाजूंची पत्रं छापता, तशी ही तिसरी बाजूही छापावी. आपला खासदारांशी, मंत्र्यांशी संबंध येतो, त्यांच्यापुढेही ठेवावी. सोबत मुलीच्या हॉल तिकिटाची, डिस्चार्ज कार्डाची आणि निकालाची झेरॉक्स जोडली आहे. ती छापू नये, तिचं नावही देऊ नये. फक्त मी लिहिलं ते खरं आहे याची आपल्याला खात्री असावी म्हणून पाठवते आहे.

आपली विश्वासू,
एक आई
अशोक चौक परिसर, सोलापूर